अंदमान नंतर. आधी मार्चचा हप्ता थांबवा

प्रश्न: मी ३८ वर्षांची, नाशिकला एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. पगार हातात ९५ हजार येतो. घराचा हप्ता साडेबत्तीस हजार, कर्ज ३४ लाख बाकी, घरखर्च ४० हजार. मिस्टरांनी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून वर्कशॉप टाकलं. त्यातून सध्या मुलीची फी तेवढी निघते. मुलगी फेब्रुवारीत १० वर्षांची होईल. येत्या नाताळात अंदमानला जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकायचं आहे. पॅकेज २ लाख ८० हजारांचं आहे. १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी तीन लाखांचं पर्सनल लोन घेऊ की पॉलिसी मोडू? (बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने चार लाखांची एफडी मोडायला लावून वर्षाला दीड लाखाची पॉलिसी दिली. दोन हप्ते भरले, तिसरा मार्चमध्ये आहे. 'दहा वर्षं भरा, पहिल्या हप्त्यापासून बारा वर्षांनी दरवर्षी २ लाख ७० हजार, दहा वर्षं मिळतील. फिरायचा खर्च कायमचा सुटला', असं तो म्हणाला. आता फोन उचलत नाही. त्याचे मेसेज आहेत.)

उत्तर: कर्ज घेऊ नका, आणि नाताळचं बुकिंगही करू नका. पॉलिसीच्या हप्त्यासकट सगळं भागवून तुमच्याकडे महिन्याला दहा हजार उरतात आणि या कर्जाचा हप्ता सव्वादहा हजार बसतो. म्हणजे आठवडाभराच्या सहलीपायी तीन वर्षं एक पैसा मागे पडणार नाही. व्याजाचे सत्तर हजार जातील ते वेगळेच.

पण तुमच्या पत्रातली मला खरी काळजी वाटली ती कंसातल्या मजकुराची. चार लाखांची एफडी ही तुमच्या घराची एकमेव गंगाजळी होती. नवऱ्याचा धंदा नवा, घर एका पगारावर, आणि अशा घरातली अडीअडचणीची रक्कम या माणसाने दहा वर्षांच्या बांधिलकीत अडकवली. आता खात्यात लाखभर उरले असतील. तुमचा घरखर्च आणि घराचा हप्ता मिळून महिन्याला साडेबाहत्तर हजार लागतात. उद्या नोकरी गेली तर दीड महिनाही निघणार नाही.

बरं, परतावा तरी किती? १५ लाख भरून २७ लाख मिळणार, हे ऐकायला छान वाटतं. पण प्रत्येक दीड लाखाचे २ लाख ७० हजार व्हायला बारा वर्षं लागतात. हे झाले वर्षाला ५ टक्के. पैसे दुप्पट व्हायला किती व्याज लागतं, याचा ढोबळ हिशेब ७२ भागिले वर्षं असा असतो. ७२ भागिले १२ म्हणजे ६. बारा वर्षांत पैसे दुप्पट व्हायलाच ६ टक्के लागतात, इथे दुप्पटही होत नाहीत. पीपीएफ ७.१ टक्के देतं. तुमचं गृहकर्ज साडेआठच्या आसपास असावं. 'गॅरंटीड' या शब्दाखाली हे पाच टक्के विकले जातात, आणि दर मार्चमध्ये अशी पत्रं येतात याचा मला मनापासून राग येतो.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे विमा. या पॉलिसीत विमा रक्कम बहुधा हप्त्याच्या दहापट, म्हणजे १५ लाख असेल; कागद काढून बघा. तुमचं काही बरंवाईट झालं तर त्यात गृहकर्जही फिटत नाही, १९ लाख कमीच पडतात. एक कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा) तुमच्या वयाला वर्षाला साधारण पंधरा-वीस हजारांत मिळतो. तो आधी घ्या, जुन्या पॉलिसीला हात नंतर लावा. अर्जात साहसी खेळांबद्दल विचारतात, तिथे डायव्हिंग शिकणार असल्याचं खरं लिहा. हप्ता थोडा वाढला तरी चालेल. माहिती लपवलीत तर दाव्याच्या वेळी अडचण घरच्यांना होते.

मग पॉलिसी. सरेंडरचा (मुदतीआधी पॉलिसी मोडण्याचा) अर्ज देण्याआधी विमा कंपनीकडे फसवून विकल्याची लेखी तक्रार करा, मेसेज जोडा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. तिथेही काही झालं नाही, तर सरेंडर किती आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवल्यास किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागा. दोन हप्त्यांनंतर किमान हमी भरलेल्या रकमेच्या ३० टक्क्यांची असते, म्हणजे ९० हजार. ऑक्टोबर २०२४ नंतरच्या पॉलिसीला नव्या नियमांमुळे याहून बरे पैसे मिळू शकतात. लाखभर मिळाले असं धरा.

तुम्ही म्हणाल, दोन लाख बुडवायचे? प्रश्न रास्त आहे. बुडालेलं सोडून फक्त इथून पुढचं मोजलं, तर पॉलिसी चालू ठेवण्याचा परतावा पावणेसात टक्क्यांपर्यंत जातो. पण त्यासाठी आणखी १२ लाख भरायचे आहेत, आणि तेच पैसे गृहकर्जात टाकले तर साडेआठ टक्के वाचतात. शिवाय गंगाजळी रिकामी असताना हे ओझं तुम्हाला पेलणारं नाही. माझं मत थांबवण्याचंच आहे. हप्ता खात्यातून आपोआप जात असेल तर ते मार्चच्या आधी बँकेत बंद करून घ्या.

यातून महिन्याला साडेबारा हजार सुटतात. टर्मचे दीड हजार वजा जाता अकरा हजार गंगाजळीत टाका. खात्यातले लाख आणि सरेंडरचे लाख धरून सतरा महिन्यांत जवळपास चार लाख पुन्हा उभे राहतात. सध्या उरणारे दहा हजार सहलीसाठी ठेवा: सतरा महिन्यांत १ लाख ७० हजार. त्यात पुढच्या दिवाळीचा बोनस मिळवला की पॅकेज टाळून दोन लाखांत बसवलेली सहल कर्जाशिवाय होते.

म्हणजे येता नाही, त्याच्या पुढचा एप्रिल. मुलीची परीक्षा संपलेली, समुद्र शांत, मोसमी पाऊस अंदमानात मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोचतो. आणि तुम्हाला पॅकेजवाल्याने सांगितलं नसेल, पण ओपन वॉटर कोर्सला (स्कूबाचा पहिला कोर्स) वय किमान १० पूर्ण लागतं. या नाताळात मुलगी काठावर बसून राहिली असती. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना १२ मीटरपर्यंतच नेतात, मोठ्यांना १८.

पॅकेज घेऊच नका. विमान, श्रीविजयपुरम (जुनं पोर्ट ब्लेअर) ते स्वराज द्वीप (जुनं हॅवलॉक) बोट आणि मुक्काम वेगवेगळं बुक करा, रिसॉर्टऐवजी साधं गेस्टहाऊस बघा. कोर्सची थिअरी आणि जलतरण तलावातला सराव तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत होतो का ते विचारा. तो भाग एका केंद्रात आणि समुद्रातल्या डाइव्ह दुसरीकडे, अशी सोय या कोर्समध्ये असते. तसं जमलं तर अंदमानातले मुक्कामाचे दिवस कमी होतील, आणि मुलीला पाण्याची भीती वाटते का ते विमानाचं तिकीट काढण्याआधीच कळेल. मिस्टरांना बीपीची किंवा दुसरी कुठली गोळी चालू असेल तर डायव्हिंगच्या वैद्यकीय फॉर्मवर डॉक्टरांची सही लागते. तीही आधीच घ्या. आणि शेवटची डाइव्ह आणि परतीचं विमान यांत किमान १८ तास ठेवायचे असतात, तेव्हा शेवटचा दिवस सेल्युलर जेलसाठी राखून तिकीट काढा.