बडोद्यात भाड्याने देण्यासाठी फ्लॅट: भायली की मांजलपूर?

तुम्ही पुण्यात राहता, बडोद्यात भाड्याने द्यायला 2 बीएचके घ्यायचाय आणि भायली की मांजलपूर यात अडकला आहात. मी बडोद्यातच, दांडिया बाजारात वाढलो, माझा मांजलपूरचा फ्लॅट बरीच वर्षं भाड्याने आहे. मी मांजलपूरच घेईन.

भायली, सेवासीकडे नव्या स्कीम भराभर उभ्या राहिल्यात. घरं देखणी आहेत, पण एकाच सोसायटीत दहा मालक भाडेकरू शोधत असले की भाडं भाडेकरूच ठरवतो. तिथे भाव वाढायची वाट बघण्याची तयारी हवी. मांजलपुरात मकरपुरा जीआयडीसीत (आपल्या एमआयडीसीसारखी औद्योगिक वसाहत) नोकरी करणारी कुटुंबं येतात आणि मुलांची शाळा जवळ मिळाली की वर्षानुवर्षं हलत नाहीत. फतेहगंज, सयाजीगंजला एम. एस. युनिव्हर्सिटीमुळे विद्यार्थी मिळतात, पण परीक्षा संपल्या की खोल्या रिकाम्या. शिवाय सोसायटीत बॅचलर चालतात का, हे बाना (इसार) देण्याआधी चेअरमनलाच विचारा.

पण बडोद्यात भावाच्याही आधी पाणी बघायचं. 31 जुलै 2019ला एका दिवसात जवळपास 20 इंच पाऊस झाला. ऑगस्ट 2024मध्ये शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली. समा, अकोटा, मुजमहुडा, फतेहगंज भागांत पाणी घरात शिरलं. म्हणून फ्लॅट बघायला गेलात की आधी पार्किंगमध्ये उभे राहा. भिंतीला छातीपर्यंत नवा रंग आणि वर जुना दिसला, तर काय झालंय ते कळेल. मीटर किती उंचीवर बसवलेत, लिफ्टची किंवा पाण्याची मोटर 2024नंतर बदलावी लागली का, हे दलालाला विचारून उपयोग नाही. वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी वीज गेली, स्कूटर बुडाली की भाडेकरू घर सोडतोच. मांजलपुरातही वडसरच्या बाजूला सरकलात तर हीच चौकशी करा.

हिशेबात वर्षाचं 11 महिन्यांचंच भाडं धरा, त्यातून मेंटेनन्स आणि महापालिकेचा वेरा (घरपट्टी) वजा करा. इन्कम टॅक्समध्ये, भरलेला वेरा वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते.

जुन्या शहरात काही स्वस्तात दिसलं, तर जागा अशांत धाऱ्यात (अशांत जाहीर केलेल्या भागांतल्या मालमत्तेच्या व्यवहारांवरचा गुजरातचा कायदा) येते का ते वकिलाकडून बघून घ्या. येत असेल तर दस्तावेजाआधी (खरेदीखताआधी) कलेक्टरची परवानगी लागते, त्यासाठी हाताशी वेळ ठेवा.