सेल्युलेजच्या स्फटिकरचनेत सेल्युलोजला चिकटणारा भाग का दिसत नाही?

ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीचे सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम) सेल्युलोजला, म्हणजे वनस्पतींमधील ग्लुकोजच्या लांब साखळ्यांच्या पदार्थाला, घट्ट चिकटते असे सर्वत्र वाचायला मिळते, पण प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातील (पीडीबी) '१सेल' (1CEL) ही त्याची रचना उघडल्यावर चिकटणारा भाग सापडतच नाही, असा आपला प्रश्न आहे. आपल्या पाहण्यात काही चुकलेले नाही; तो भाग त्या स्फटिकात मुळात नव्हताच.

हे प्रथिन, म्हणजे सेल-७-ए, तीन भागांचे आहे: साखळी तोडणारा सुमारे ४३० अमिनो आम्लांचा मोठा भाग, सेल्युलोजला धरणारा अवघ्या ३६ अमिनो आम्लांचा छोटा भाग, आणि या दोघांना जोडणारा लवचिक दुवा. स्फटिक तयार होण्यासाठी सर्व रेणू एकाच ठेवणीत ओळीने बसावे लागतात. साखरेच्या रेणूंनी लगडलेला हा दुवा मात्र प्रत्येक रेणूत वेगळ्या दिशेला वळलेला असतो, त्यामुळे अखंड प्रथिनाचे चांगले स्फटिक मिळवणे फार अवघड ठरते. म्हणून पपेन या विकराने दुवा कापून मोठा भाग वेगळा काढण्याची रीत पडली, आणि त्या भागाची रचना १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली.

छोट्या भागाची रचना त्याआधीच, १९८९ मध्ये, स्फटिकाविना, द्रावणात एनएमआर (चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांच्या संकेतांवरून रचना काढण्याच्या) तंत्राने उलगडली होती. तो पाचरीसारखा असून त्याची एक बाजू जवळजवळ सपाट आहे. त्या बाजूवर ५, ३१ आणि ३२ या क्रमांकांची तीन टायरोसिन (वलय असलेली अमिनो आम्ले) एका रांगेत येतात. त्यांच्या वलयांमधील अंतर सेल्युलोजच्या साखळीतील एकाआड एक ग्लुकोजच्या अंतराशी, म्हणजे सुमारे १० अँगस्ट्रॉमशी (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), जुळते. त्यामुळे ही वलये सेल्युलोज-स्फटिकाच्या सपाट पृष्ठावर ग्लुकोजच्या वलयांवर टेकतात, असे मानले जाते. शेजारच्या हायड्रोजन बंधांचा हातभार असतोच, पण खरी पकड या वलयांची.

तरीही आपण उघडलेली रचना पकडीच्या दृष्टीने निरुपयोगी आहे असे समजू नये. माझ्या मते अधिक शिकण्यासारखे तिच्यातच आहे. सुमारे ५० अँगस्ट्रॉम लांबीचा एक बोगदा तिच्या आरपार जातो आणि त्यात एकच सुटी साखळी मावते. बोगद्याच्या तोंडाशी असलेले ट्रिप्टोफॅन-४० (हेही वलय असलेले अमिनो आम्ल) निवडून पाहा, मग आत जात ३८, ३६७ आणि ३७६ क्रमांकांची ट्रिप्टोफॅन पाहा: साखळीतील ग्लुकोज त्यांच्या वलयांवर टेकत पुढे सरकतात. तोडण्याचे काम दुसऱ्या टोकाजवळ होते, जिथे ग्लुटामेट-२१२ हे अमिनो आम्ल साखळीतील बंधावर हल्ला करते आणि ग्लुटामेट-२१७ प्रोटॉन पुरवते. सुटलेला सेलोबायोज (दोन ग्लुकोजचा तुकडा) बाहेर पडतो, पण उरलेली साखळी बोगद्यातच राहते, म्हणून हे विकर एका पकडीत अनेक वेळा कापू शकते. याच कुळातील सेल-७-बी मध्ये बोगद्यावर छत धरणारी वळणे आखूड असल्याने तिथे नुसती उघडी खाच उरते, आणि ते विकर साखळीला मध्येच कुठेही कापते. दोन्ही रचना एकावर एक ठेवून पाहिल्यास हा फरक लगेच लक्षात येतो.

अखंड प्रथिन एकत्र पाहायचे असल्यास संगणकाने वर्तवलेले प्रतिमान वापरण्यास हरकत नाही. मात्र त्यात दुव्याला दिलेला आकार आणि त्यामुळे ठरणारे दोन्ही भागांमधील अंतर प्रत्यक्ष मोजलेले आहे, असे धरून चालू नये.