अमेरिकेत लोकल न्यूज चॅनेलचं नाव आणि बातम्यांच्या वेळा सारख्या का बदलतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अटलांटाजवळ राहता, भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी केबल न घेता अँटेना लावलाय. चॅनेल ४६ वर सीबीएसच्या मालिका आणि फुटबॉल लागायचं, ते ऑगस्ट २०२५ पासून गेलं आणि आता तिथे बघावं तेव्हा बातम्या. त्याआधी त्याच चॅनेलचं नावही बदललं होतं. चॅनेल बुडतंय का, आणि हे असं सारखं का होतं?

आधी कामाचं सांगते. चॅनेल बुडत नाहीये. सीबीएस तिथून उठून चॅनेल ६९ वर गेलंय. टीव्हीच्या मेनूत जाऊन चॅनेल नव्याने स्कॅन करा, ६९ सापडेल. ४६ वर बातम्या देणारी मंडळी तीच आहेत, फक्त आता त्या चॅनेलमागे कुठलंही नेटवर्क नाही.

आता कारण. मी ओहायोतल्या एका लोकल स्टेशनच्या ट्रॅफिक विभागात काही वर्षं काम केलंय. ट्रॅफिक म्हणजे लॉग बनवणारे लोक: कुठला कार्यक्रम किती वाजून किती सेकंदांनी सुरू होणार, मध्ये कुठली जाहिरात लागणार, हे सगळं आमच्या हातून जायचं. त्यामुळे वेळापत्रक बदललं की मला त्यामागचा हिशोबच आधी दिसतो.

आपल्याकडे चॅनेल म्हणजे एक कंपनी, तिचा एकच कार्यक्रम देशभर दिसतो. अमेरिकेत तसं नाही. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स ही नेटवर्कं कार्यक्रम बनवतात, पण तुमच्या शहरात ते दाखवणारं स्टेशन बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीचं असतं. गावातल्या दुकानदाराने मोठ्या कंपनीची एजन्सी घ्यावी, तसा हा करार. मुदत संपली की एजन्सी दुसऱ्याकडे जाऊ शकते. दुकान, कामगार, फोन नंबर सगळं जागच्या जागी राहतं. एका मोठ्या शहराभोवतीच्या प्रेक्षकांचा भाग म्हणजे एक टीव्ही बाजार. असे २१० बाजार देशभर आहेत, त्यामुळे कुठे ना कुठे पाटी बदलतच असते.

तुमच्या ४६ ची गोष्ट तर फारच बोलकी आहे, आणि ती सुरू होते फुटबॉलपासून. डिसेंबर १९९३ मध्ये फॉक्सने एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या एका अख्ख्या कॉन्फरन्सचे (निम्म्या संघांच्या गटाचे) हक्क सीबीएसच्या हातून काढून घेतले, चार वर्षांचे १५८ कोटी डॉलर मोजून. तोवर फॉक्स हे नवखं नेटवर्क होतं, त्याची बरीच स्टेशनं अँटेनावर नीट न दिसणाऱ्या वरच्या नंबरांवर होती. मग मे १९९४ मध्ये फॉक्सने न्यू वर्ल्ड नावाच्या कंपनीत ५० कोटी डॉलर गुंतवले आणि तिची १२ स्टेशनं फॉक्सकडे वळवायचं ठरलं. अटलांटाचं चॅनेल ५ त्यातलंच. ते वर्षानुवर्षं सीबीएसचं होतं.

सीबीएसची धावपळ झाली. अटलांटात जागा मिळेना म्हणून त्यांनी चॅनेल ६९ विकत घ्यायचा करार केला. हो, तेच ६९. तेवढ्यात ४६ चे मालक सीबीएस दाखवायला तयार झाले, ६९ चा बेत मागे पडला आणि डिसेंबर १९९४ मध्ये सीबीएस ४६ वर आलं. ६९ पुढे पॅरामाउंटकडे गेलं, आणि काही वर्षांनी पॅरामाउंट आणि सीबीएस एकाच मालकीखाली आले. म्हणजे ६९ अखेर सीबीएसच्या घरचंच झालं. २०२५ मध्ये ४६ चा करार संपताना सीबीएसने आपला माल आपल्याच स्टेशनवर नेला. तीस वर्षांपूर्वीचा बेत असा पुरा झाला.

डेट्रॉइटमध्ये त्याच उलथापालथीत सीबीएस चॅनेल ६२ वर गेलं. ते स्टेशन १९७५ मध्ये कृष्णवर्णीय मालकांनी सुरू केलेलं देशातलं पहिलं टीव्ही स्टेशन. सीबीएसने ते घेतलं, पण एवढ्या मोठ्या शहरात स्वतःचा पूर्ण न्यूजरूम उभारायला २०२३ उजाडलं. मधली पिढी त्या चॅनेलवर जवळपास लोकल बातम्यांशिवाय वाढली, याचं मला आजही वाईट वाटतं.

नेटवर्कला स्वतःचं स्टेशन का हवं असतं? १९९२ च्या केबल कायद्यानंतर लोकल स्टेशन केबल कंपनीकडून दर ग्राहकामागे पैसे मागू शकतं. तुमच्यासारखे अँटेनावाले काही देत नाहीत, पण शेजारच्या केबलच्या बिलात ते पैसे असतात. पूर्वी नेटवर्क स्टेशनला पैसे द्यायचं, की बाबा आमचे कार्यक्रम दाखव. आता उलट झालंय, स्टेशनच नेटवर्कला पैसे देतं, आणि केबलकडून आलेल्या रकमेतला मोठा वाटा तिकडे जातो. स्टेशन स्वतःचंच असेल तर सगळीच रक्कम घरात राहते. दुसऱ्याचं असेल तर दर कराराला नेटवर्क जास्त मागतं. कधीतरी मालक म्हणतो, परवडत नाही. मायामीत चॅनेल १० चं तेच झालं. १९५० च्या दशकापासून ते एबीसीचं होतं, ऑगस्ट २०२५ मध्ये वेगळं झालं आणि स्वतंत्र स्टेशन बनलं. एबीसी तिथे आता चॅनेल ७ च्या पोटात, म्हणजे त्याच्याच उपचॅनेल ७.२ वर आहे.

नेटवर्क गेल्यावर रिकाम्या तासांत काय दाखवायचं? इथे मला लॉग आठवतो. नेटवर्कच्या एका तासात जाहिरातींची बहुतेक मिनिटं नेटवर्कची, आमच्या वाट्याला थोडीच. बाहेरून विकत घेतलेल्या टॉक शोला रोख पैसे द्यायचे आणि वर त्यांच्या जाहिरातींना जागाही द्यायची. स्वतःच्या बातम्यांत मात्र जाहिरातीचा प्रत्येक सेकंद आमचा. न्यूजरूमचा पगार तर द्यायचाच असतो, मग दुपारी ४ चं आणखी एक बुलेटिन लावायला जादा खर्च बराच कमी येतो. २०११ मध्ये ओप्रा विन्फ्रीचा कार्यक्रम संपला तेव्हा अनेक शहरांत ४ वाजता बातम्या आल्या त्या याच हिशोबाने. २०२२ मध्ये एलन डीजेनरेसचा शो संपल्यावर दुपारी ३ ला आल्या.

त्यात निवडणुका. सम वर्षांत सप्टेंबर-ऑक्टोबरला आमचा लॉग ओसंडून वाहायचा. उमेदवारांना लोकल बातम्यांमध्येच जागा हवी असते, कारण नेमाने मत देणारा माणूस तिथे बसलेला असतो. मुख्य निवडणुकीच्या मतदानाआधीचे ६० दिवस उमेदवाराला स्टेशनचा सगळ्यात कमी दर लावावा लागतो, तसा कायदाच आहे. पण बाहेरचे गट जे उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात जाहिराती देतात, त्यांना ती सवलत नाही, ते पूर्ण दर मोजतात. बुलेटिनांची संख्या जितकी जास्त, तितकी विकायला जागा जास्त. म्हणून नेटवर्क गेल्यावर ४६ ने बातम्या वाढवल्या हे मला अजिबात घाबरण्यासारखं वाटत नाही. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचं चॅनेल ४ हे २००२ पासून नेटवर्कशिवाय चाललंय. बॉस्टनचं चॅनेल ७ हे २०१७ पासून. दोन्हीकडे बातम्या हाच कणा.

रात्रीच्या वेळेचा गोंधळही इथलाच. एबीसी, सीबीएस, एनबीसीचे मुख्य कार्यक्रम पूर्वेकडे ११ ला संपतात, म्हणून लोकल बातम्या ११ ला. फॉक्स १० लाच थांबतं, म्हणून त्यांच्या १० ला. शिकागो किंवा डॅलससारख्या सेंट्रल टाइमच्या शहरांत सगळं एक तास आधी.

आता नावाचं. १९६५ मध्ये फिलाडेल्फियात अल प्रिमो यांनी ‘आयविटनेस न्यूज’ हा प्रकार रुजवला, बातमीदाराला स्वतः पडद्यावर आणून. १९६८ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या चॅनेल ७ ला त्यांनी वर काढलं. त्याला उत्तर म्हणून १९७० मध्ये फिलाडेल्फियातच ‘ॲक्शन न्यूज’ आलं, छोट्या बातम्या आणि मोठा वेग घेऊन. या दोन नावांच्या नकला देशभर झाल्या. तेव्हा नावामागे बातमी सांगण्याची रीत होती, तशी हल्ली नेहमी असतेच असं नाही. सीबीएसने स्वतःच्या बऱ्याच स्टेशनांवरून चॅनेल नंबर काढून शहराचं नाव लावलंय, उदाहरणार्थ ‘सीबीएस शिकागो’, कारण मोबाइलवर बघणाऱ्याला २ नंबरशी काही देणंघेणं नाही. तुमच्या ४६ ने २०२२ मध्ये नावातून सीबीएस काढून ‘अटलांटा न्यूज फर्स्ट’ लावलं, त्यामुळे २०२५ मध्ये नेटवर्क गेलं तरी पाटी बदलावी लागली नाही.

आमच्याकडे नाव बदललं तेव्हा बाहेरच्यांना फक्त नवा लोगो आणि नवं संगीत दिसलं. आत मात्र माइकवर बसवायचे चौकोनी ठोकळे आले, गाड्यांवरचे स्टिकर खरवडून काढले गेले, बातमीदारांना नवी जॅकेटं मिळाली, आणि जुन्या नावाचा प्रत्येक प्रोमो आम्ही लॉगमधून हुडकून काढला. एक गोष्ट मात्र मालकालाही मनासारखी गाळता येत नाही: दर तासाच्या आसपास स्टेशनला सरकारकडून मिळालेली आपल्या ओळखीची अक्षरं आणि शहराचं नाव दाखवावंच लागतं. पडद्याच्या खाली बारीक अक्षरांत येतं ते. चॅनेल नक्की कुठलं हे कळत नसेल तेव्हा तिथे बघा.

मला खरी काळजी नावाची किंवा वेळेची वाटत नाही, माणसांची वाटते. २०२३ मध्ये सिंक्लेअर कंपनीने ओरेगनमधल्या मेडफर्डसारख्या काही ठिकाणच्या लोकल बातम्या बंद करून राष्ट्रीय बुलेटिन लावलं. लोगो तोच, पण गावच्या कौन्सिलच्या बैठकीला जाणारं कोणी उरलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये ॲलन मीडियाने आपल्या छोट्या शहरांतल्या स्टेशनांचं हवामान अटलांटातल्या एका केंद्रातून सांगायचं ठरवलं. लोक इतके भडकले की काही ठिकाणी निर्णय फिरवावा लागला. ते भडकणं अगदी योग्य होतं. अलाबामात बर्मिंगहॅमला जेम्स स्पॅन नावाचे हवामानतज्ज्ञ आहेत. त्यांनी कोट काढला आणि सस्पेंडर्समध्ये, म्हणजे पँट खांद्यांवरून धरणाऱ्या पट्ट्यांमध्ये, उभे राहिले की लोक समजतात, वादळ गंभीर आहे. मग ते रस्त्याचं, चर्चचं, पेट्रोल पंपाचं नाव घेऊन सांगतात की आता इथल्यांनी आडोशाला जा. हे दूरच्या केंद्रात बसलेल्याला जमणार नाही. गंमत म्हणजे त्यांचं ‘३३/४०’ हे चॅनेलही १९९६ मधल्या अशाच अदलाबदलीतून जन्मलं, चॅनेल ६ फॉक्सकडे गेलं म्हणून.

अटलांटा मोठा बाजार आहे, तिथे प्रमुख न्यूज चॅनेलांकडे स्वतःचे हवामानतज्ज्ञ आहेत, ४६ कडेही. आई-बाबांना एवढंच सांगून ठेवा की टॉर्नेडोचा इशारा मुख्यतः काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) नावाने येतो. जॉन्स क्रीक किंवा अल्फारेटात राहत असाल तर फुल्टन, कमिंगला असाल तर फोरसाइथ, सुवानी किंवा डुलुथला असाल तर ग्विनेट. आपल्या काउंटीचं नाव नकाशावर कुठे येतं ते एकदा टीव्हीसमोर बसून दाखवा, आणि घरातली खिडकी नसलेली खालच्या मजल्यावरची खोली कुठली तेही.