मॉडर्न क्विल्टच्या प्रदर्शनात बघायचं तरी काय? आपली वाकळ काय वाईट आहे?

तुमचा प्रश्न असा की क्विल्टच्या प्रदर्शनात ‘मॉडर्न’ म्हणून जे टांगतात त्यात दोन-चार रंगीत तुकडे आणि बाकी नुसतं मोकळं कापड असतं, मग आपल्या वाकळेपेक्षा, म्हणजे गोधडीपेक्षा, त्यात वेगळं काय, आणि लोक त्यापुढे एवढा वेळ उभे का राहतात. मी सांगलीची. तीस वर्षं ब्लाऊज शिवले, आता सहा-सात वर्षं क्विल्ट शिवते. बघणारी म्हणूनही उभी राहिले आहे आणि मांडणारी म्हणूनही, म्हणून उत्तर देते.

वरचं कापड, मधली भर, खालचं अस्तर आणि तिन्हीला धरून ठेवणारा टाका, एवढं झालं की क्विल्ट. या हिशोबाने आमची वाकळही क्विल्टच. फक्त तिच्यात भरही जुनेरांचीच असते. आईचं लुगडं, वडिलांचं धोतर, विरलेला सदरा, थरावर थर. त्यामुळे ती अंगावर घेतली की कुणीतरी शेजारी निजल्यासारखं वजन जाणवतं.

‘मॉडर्न’ हा शब्द मात्र नुसता ‘हल्लीची’ अशा अर्थाने नाही. गाण्यात घराणं असतं तसं समजा. 2009 मध्ये लॉस एंजेलिसला मॉडर्न क्विल्ट गिल्ड ही शिवणाऱ्यांची संघटना सुरू झाली आणि 2013 मध्ये टेक्ससातल्या ऑस्टिनला तिचं पहिलं ‘क्विल्टकॉन’ हे प्रदर्शन भरलं. या घराण्याला ठसठशीत रंग आवडतात. फुलाफुलांच्या छपाईपेक्षा एकरंगी कापड जास्त. मोजपट्टी न लावता, आखणी न करता कापत आणि जोडत जायचं. किंवा एखादा जुना नमुना घ्यायचा आणि त्यातला एकच चौकोन पूर्ण पलंगाएवढा करून टाकायचा. आणि मोकळी जागा. तिला तर त्यांच्या स्पर्धेत वेगळा विभागच असतो.

तुम्ही अडलात ते तिथेच, आणि मीही तिथेच अडले होते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही बारा-तेरा जणींनी एका मंगल कार्यालयाचा हॉल घेऊन दोन दिवस प्रदर्शन मांडलं. माझी एक राखाडी क्विल्ट होती. इचलकरंजीचं साधं पॉपलीन, खालच्या कोपऱ्यात हळदीच्या रंगाच्या पाच वाकड्या पट्ट्या, बाकी काही नाही. कवलापूरहून एक आजी सुनेबरोबर आल्या होत्या. त्या तिच्यापुढे थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “एवढी जागा मोकळी कशापायी सोडलीया? कापाड संपलं व्हय?” हॉलभर हशा. मीही हसले. पण आजी तिथून हलल्या नाहीत. त्यांनी कोपरा धरून क्विल्ट उलटी केली, पाठीवरून अंगठा फिरवला आणि सुनेला म्हणाल्या, “टाका बरा हाय.”

परदेशातल्या मोठ्या प्रदर्शनांत क्विल्टला हात लावायची बंदी असते. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका उभ्या असतात, त्यांना सांगितलं की त्या पाठ उलटून दाखवतात. परीक्षकही पाठ बघतातच. दोरा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळता कामा नये, खालच्या बॉबिनचा दोरा वर डोकावू नये, गोट कडेपर्यंत भरलेला असावा, पोकळ लागू नये, आणि टांगल्यावर कडा लाटांसारख्या हलू नयेत. आजींनी या सगळ्याचा निकाल एका अंगठ्यात लावला.

त्यांचा कापडाचा टोमणाही मला बरेच दिवस पुरला. वाकळेत मोकळी जागा का नसते? माझा पहिला तर्क सरळ होता: मोठा सलग तुकडा घरात नसायचाच. जे फाटायचं राहिलं तेच कापून जोडायचं, त्यामुळे रंगाला रंग लागून सगळं भरगच्च दिसतं. म्हणजे मोकळी जागा ही चार मीटर कापड एकदम विकत घेऊ शकणाऱ्यांची चैन. मी हे दोन-तीन जणींना ऐकवलंही, मोठ्या तोऱ्यात.

मग जीझ बेंडच्या क्विल्टचे फोटो पाहिले आणि तोंड मिटलं. अलाबामात नदीच्या वळणात वसलेलं गाव, एकेकाळी कापसाच्या मळ्यावर गुलाम असलेल्यांचे वंशज, दारिद्र्य आमच्या दुष्काळी भागाला लाजवेल असं. तिथल्या बायकांनी विटलेल्या कामाच्या कपड्यांच्या क्विल्ट शिवल्या, आणि त्यात डेनिमचे परातीएवढे सलग पट्टे खुशाल मोकळे सोडले. जिथे ऊन लागलं नाही तिथला निळा रंग, आणि खिसा उसवून काढलेली गडद जागा. त्यांनी ते झाकलं नाही. 2002 मध्ये या क्विल्ट आधी ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या आणि बघणाऱ्यांना त्यात आधुनिक चित्रकला दिसली. याच व्हिटनीने 1971 मध्ये जुन्या अमेरिकी क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या होत्या. म्हणजे मोकळी जागा पैशाने येते हा माझा सिद्धांत गेला बाराच्या भावात.

आता बघायचं कसं. पहिल्यांदा दहा-बारा फुटांवर उभे राहा. मॉडर्न क्विल्ट लांबून बघण्यासाठी केलेली असते. ती पलंगावर आडवी पडून राहणार नाही, भिंतीवर उभी राहणार आहे, हे शिवणारीला आधीपासून माहीत असतं. मग जवळ जा, पण समोरून नको, बाजूने. त्या रिकाम्या राखाडीत काहीच नाही असं वाटत होतं ना? तिथे पाव-पाव इंचावर शिलाईच्या रेघा असतात. कुठे त्या उसाच्या सऱ्यांसारख्या सरळ जातात, कुठे दगडाभोवती पाणी वळावं तशा वळतात. भर फुगते, टाका दबतो आणि त्या उंचसखलपणाची सावली पडते. चित्र त्या सावलीचं असतं. रंगीत तुकडे कमी ठेवतात ते तिला जागा मिळावी म्हणून.

त्यासाठी उजेड बाजूने यायला हवा. आमच्या हॉलमध्ये डोक्यावर ट्यूबलाइट, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळ्या क्विल्ट चादरीसारख्या सपाट दिसल्या. दुसऱ्या दिवशी मांडववाल्याकडून दोन हॅलोजन आणून कोपऱ्यात ठेवले, तेव्हा कुठे माझी पंधरा दिवसांची शिलाई लोकांना दिसली.

त्याहून मोठा गाढवपणा मी आईच्या वाकळेचा केला. ती एकच उरली आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमच्या घरातल्या बाकीच्या सहा पाण्यात गेल्या. ओल्या वाकळा उचलायला दोन माणसं लागत होती. ही वाचली, कारण ती कोरेगावला बहिणीकडे होती. मी ती हौसेने चिमट्यांनी टांगली. दुपारपर्यंत स्वतःच्या वजनाने ती बैलाच्या गळ्याखालच्या पोळीसारखी लोंबली आणि दोन ठिकाणी टरकली. टांगायच्या क्विल्टला पाठीवर वरच्या कडेला चार इंच रुंद नळी शिवतात, तिच्यातून दांडा घालतात, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं. मला हे माहीत होतं, पण आईच्या वाकळेत सुई घालायला हात धजला नाही.

वाकळ भिंतीसाठी नसतेच. तिचं प्रदर्शन घट बसायच्या आधी कृष्णेच्या घाटावर भरायचं. घरोघरच्या वाकळा धुऊन दगडांवर पसरलेल्या असायच्या आणि बायका धुणं आपटता आपटता वाचन करायच्या: हे तुझ्या सासूचं इरकल, हा शांतीच्या बाळंतपणातला तुकडा, हा काठ मीच दिला होता. तिला लांबून बघून काही कळत नाही, आणि ओळखीच्या माणसाशिवाय ती वाचताही येत नाही. जीझ बेंडची एक क्विल्ट मला त्यामुळेच सगळ्यांत जवळची वाटते. मिसूरी पेटवे या बाईने 1942 मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची शिवलेली. आज ती कुठल्याही आधुनिक चित्राशेजारी शोभेल, पण कपडे कोणाचे हे मुलीने सांगितलं म्हणून आपल्याला कळलं. म्हणून प्रदर्शनात क्विल्टशेजारचं कार्ड वाचायचं टाळू नका. आईच्या वाकळेशेजारी मी नुसतं ‘वाकळ, सांगली’ एवढंच लिहिलं होतं, त्याची अजून लाज वाटते.

यंदा दिवाळीनंतर पुन्हा मांडतोय. वाकळ या वेळी टेबलावर पसरणार आहे, टरकलेल्या दोन जागांवर आईच्याच ब्लाऊजचं ठिगळ लावून. सांगलीत असलात तर या. हातमोजे आमच्याकडे नाहीत. हात पुसून या, मी पाठ उलटून दाखवते.