डॉक्टरांना असं विचारायचं तरी कसं?

"मॅडम, मुंबईला जाऊ की नाशिकलाच करू, एवढंच सांगा." खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं. त्या पंचवटीकडच्या एका शाळेत चौथीचा वर्ग घेतात, म्हणून इथेही त्यांना बाईच म्हणते. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं ऑपरेशन ठरलं की सर्जन कोणता निवडायचा, ही काळजी घेऊन बरेच जण माझ्याकडे सल्ल्याला येतात. मी नाव सुचवत नाही, ते माझं काम नव्हे. बाईंना तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी पिशवीतून फाईल काढून माझ्यासमोर ठेवली.

गळ्यात उजवीकडे चार सेंटिमीटरची गाठ. एफएनएसीच्या, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टवर 'बेथेस्डा ४'. घरच्यांनी त्याचा अर्थ चौथ्या स्टेजचा कॅन्सर असा लावला होता आणि दोन दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. बेथेस्डाच्या १ ते ६ अशा पायऱ्या असतात. सुईतून आलेल्या पेशी कशा दिसल्या, एवढंच त्या सांगतात. कॅन्सरच्या स्टेजशी त्यांचा संबंध नाही. चौथ्या पायरीवर गाठ साधी की कॅन्सरची हे सुईवरून ठरत नाही, म्हणून बऱ्याचदा ग्रंथीची ती बाजू काढून बायोप्सीला पाठवतात. हे ऐकल्यावर बाईंनी फाईल मिटली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"मग तुम्हाला भीती नेमकी कशाची वाटते?" मी विचारलं.

त्यांचा हात पदरासकट गळ्याशी गेला. "आवाज गेला तर? पोरांची प्रार्थना मी सांगते. चाळीस पोरं आहेत वर्गात."

"हे सर्जनना विचारलंत?"

"नाही हो. त्यांनी 'काढून टाकू' म्हटलं, मी मान हलवली. एवढे मोठे डॉक्टर, त्यांना असं विचारायचं तरी कसं? राग आला तर? ऑपरेशन तर त्यांच्याच हातून करायचं आहे."

मुंबई की नाशिक हा प्रश्न खरा इथून निघाला होता. समोरच्याला विचारता येत नव्हतं, म्हणून त्या गाव बदलू पाहत होत्या. गाव बदलून हे सुटलं नसतं. मुंबईतही त्यांनी मानच हलवली असती.

त्या तासाचा उरलेला वेळ आम्ही सराव केला. मी सर्जन झाले, घड्याळाकडे बघत, तुटक उत्तरं देत. पहिल्या दोन खेपांना बाई "बरं, बरं" म्हणून उठल्या. तिसऱ्यांदा त्यांनी वहीचं पान पुढे केलं: "डॉक्टर, माझे चार प्रश्न आहेत, विचारू का?" माझ्या मते हे एक वाक्य जमलं की पुढचं जमतं.

पानावर एवढंच होतं. अर्धी ग्रंथी काढणार की पूर्ण, आणि का? वर्षाला अशी किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः करता? तुमच्या पेशंटपैकी किती जणांचा आवाज कायमचा बसला? रात्री गळा सुजला, श्वास अडकला, तर हॉस्पिटलमध्ये कोण असतं?

दुसरा प्रश्न बाईंना फार उद्धट वाटत होता. मी त्यांना सांगितलं, २०१७ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वर्षाला २५ हून जास्त थायरॉईड ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांच्या पेशंटना त्रास कमी झाल्याचं दिसलं. आवाजाची नस ग्रंथीच्या मागून, अगदी चिकटून जाते. ती ओळखून जपायला रोजचा हात लागतो. ज्याचा हात रोजचा आहे, त्याला आकडा सांगायला संकोच वाटायचं कारण नाही.

बाई आधी त्याच सर्जनकडे गेल्या. उत्तर मिळालं, "काळजी करू नका, सगळं होऊन जाईल." आकडा मिळाला नाही. मग त्या नाशिकमधल्याच दुसऱ्या सर्जनकडे गेल्या. त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे ग्रंथीचं चित्र काढून दाखवलं, फुलपाखरासारखं, मागे दोन बाजूंना दोन नसा. गाठ एकाच बाजूला आहे, तेव्हा आधी उजवी बाजूच काढू, डावीकडच्या नसेपाशी जायची गरजच नाही, असं म्हणाले. स्वतःचा आकडा सांगितला, आवाज बसलेले पेशंटही सांगितले. ऑपरेशनआधी नाकातून दुर्बीण घालून स्वरयंत्र तपासून घ्यायला लावलं. बाई रोज ॲस्पिरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, घेतात; त्याबद्दल त्यांना तिथे पहिल्यांदा कुणी विचारलं, आणि ती कधी बंद करायची हे लिहून दिलं. ती चिठ्ठी बाईंनी मला दाखवायला आणली होती, घडी घालून घालून मऊ पडलेली.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी फोन आला. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या येतात का, मी विचारलं. पूर्ण ग्रंथी काढली की कॅल्शियम उतरून तसं होऊ शकतं, अर्ध्यात ती भीती फार कमी. नव्हत्या येत. आवाज थोडा घोगरा होता, पण स्पष्ट.

"बायोप्सी यायची आहे अजून," बाई म्हणाल्या. "आणि प्रार्थनेचा वरचा सूर लागत नाहीये. डॉक्टरांना विचारलं. एवढ्यात ताण देऊ नका म्हणाले, पुढच्या भेटीत परत बघतो म्हणाले. तोवर मॉनिटरला सांगितलंय सुरुवात करायला."