वाचकांचे प्रश्न : स्पार्टाकस, क्रॅसस आणि दहातला एक

प्रश्न : रोममधल्या गुलामांच्या उठावाचा नेता स्पार्टाकस याच्याविरुद्धच्या मोहिमेत रोमन सेनापती क्रॅससने आपल्याच सैन्यातला दर दहावा माणूस मारला, असे वाचले. मग लढायला उरले कोण? ही शिक्षा देत कशी?

उत्तर : ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने दिलेला आकडा 50 चा आहे. क्रॅससने हाताखालच्या मम्मियसला दोन लिजन (लिजन म्हणजे सुमारे 5,000 सैनिकांचे रोमन दल) देऊन ‘फक्त पाठलाग कर, भिडू नकोस’ असे बजावले होते. तो भिडला, हरला आणि पुष्कळ सैनिक शस्त्रे टाकून पळाले. त्यातले आधी पळालेले 500 निवडून क्रॅससने दहा-दहांच्या 50 तुकड्या केल्या आणि प्रत्येकीतून चिठ्ठीने एकाला मारले. इतिहासकार आप्पियन मात्र 4,000 पर्यंतचा आकडाही नोंदवतो. समोर शत्रू असताना सेनापती इतकी माणसे गमावील हे पटत नाही; आम्ही 50 च धरतो.

पद्धत ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने सांगितली आहे. लिजन एकत्र उभे करायचे, रांग सोडणाऱ्यांना पुढे आणून सर्वांदेखत खडसवायचे, मग चिठ्ठ्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला दांडक्यांनी ठार मारत. वाचलेल्यांना गव्हाऐवजी जव मिळे आणि तंबू छावणीच्या तटाबाहेर, उघड्यावर ठोकावा लागे. शूर-भित्रा हा भेद चिठ्ठीला कळत नाही, आणि सगळी दहशत त्यातच होती. क्रॅससने आणखी एक गोष्ट केली, ती सहसा सांगितली जात नाही : पुन्हा शस्त्रे देताना ‘ही टाकणार नाही’ म्हणून सैनिकांकडून जामीन घेतला.

प्रश्न : इटलीच्या टोकाशी कोंडला गेलेला स्पार्टाकस निसटला कसा?

उत्तर : त्याला सिसिलीत उतरायचे होते. आशिया मायनरमधल्या किलिकियाच्या चाच्यांनी नजराणे घेतले आणि गलबते घेऊन निघून गेले. तराफे बांधून पाहिले, पण मेसिनाच्या सामुद्रधुनीचा ओढा जबर. ते टिकले नाहीत. तोवर क्रॅससने समुद्रापासून समुद्रापर्यंत सुमारे 55 कि.मी.चा खंदक खणून त्यालगत भिंत घातली होती. खंदक 15 फूट रुंद, तेवढाच खोल.

अडचण लांबीत होती. क्रॅससकडे आठ लिजन, म्हणजे पूर्ण भरती धरली तरी साधारण 40,000 माणसे. सगळी एका वेळी उभी केली तरी मीटरमागे एकही धड येत नाही, आणि रात्री तर बरीचशी झोपलेली. स्पार्टाकसने वादळी, बर्फाळ रात्र निवडली. खंदकाचा छोटासा भाग माती, लाकडे आणि फांद्या टाकून बुजवला आणि सैन्याचा तिसरा हिस्सा पार नेला. एवढ्याने सगळा बांध निकामी झाला, कारण आता शत्रू दोन्ही बाजूंना होता.

प्रश्न : एवढा उठाव मोडूनही क्रॅससला ट्रायम्फ ही मोठी विजययात्रा का मिळाली नाही?

उत्तर : शत्रू गुलाम होते म्हणून. अशा विजयाला ओव्हेशन ही दुय्यम मिरवणूक मिळे. तीत चार घोड्यांचा रथ नसे आणि डोक्यावर लॉरेलच्या पानांऐवजी मर्टलच्या पानांचा मुकुट असे. क्रॅससने सिनेटकडून लॉरेलची परवानगी मिळवली. इ.स.पू. 71 मध्ये पळणारे 5,000 बंडखोर वाटेत कापून दुसरा रोमन सेनापती पॉम्पे याने ‘युद्धाचे मूळ मी उपटले’ असे सिनेटला कळवले होते. त्याच वर्षी स्पेनच्या विजयासाठी त्याला ट्रायम्फ मिळाला. कापुआ ते रोम रस्त्यावर क्रूसावर चढवलेले 6,000 कैदी मात्र क्रॅससचे होते.