टाके घालण्याआधी लिग्नोकेन देताना
जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे डॉक्टर म्हणून रुजू झालात, तर केळीचा घड उतरवताना कोयता लागलेले हात येतीलच. लिग्नोकेन म्हणजे तेवढीच जागा बधिर करणारी भूल; ती देण्याआधी रुग्णाचं वजन बघा. साध्या, म्हणजे अ‍ॅड्रेनलिन न मिसळलेल्या, लिग्नोकेनची मर्यादा किलोला ४.५ मिलिग्रॅम, आणि २ टक्क्यांच्या एका मिलीत २० मिलिग्रॅम. म्हणजे ४५ किलोच्या मजूरबाईला १० मिलीच्या वर नाही. जखम लांब असेल तर औषधाइतकंच सलाईन मिसळा. सुई जखमेच्या कडेतून घाला, दट्ट्या मागे ओढा. रक्त आलं तर जागा बदला. सावकाश सोडा आणि पाच मिनिटं थांबा. घाईत टाका घेतला की रुग्ण कळवळतो, आपण अजून औषध भरतो. डोस चुकतो तो इथेच. ओठ बधिर, तोंडाला धातूची चव, कानात गुणगुण असं काही सांगितलं, की तिथेच थांबून ऑक्सिजन लावा, पुढे झटके येऊ शकतात. पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही; तिथे डोस वाढवू नका.